उत्तर वाटेत आहे

मी छत्री बोलतेय. पावसात डोक्यावर धरायची नव्हे. सिंदी रेल्वे या गावच्या प्रमिलाबाईंच्या गच्चीवर आभाळाकडे तोंड करून बसलेली टीव्हीची छत्री. माझ्या काठावर कावळे बसतात, दांड्याला दोरी बांधून बाई कपडे वाळत घालतात. सहा वर्षांत कुणी माझी साधी विचारपूस केली नाही, आणि माझीही काही तक्रार नव्हती.

मग त्यांची मुलगी रक्षा बातम्यांच्या चॅनेलवर वार्ताहर म्हणून लागली. नोकरी तीन महिने कच्ची. लहानपणी रक्षाचे शब्द अडकायचे. मोठ्या कष्टानं ती त्यातून सुटली होती. आता पडद्यावर स्टुडिओतला निवेदक प्रश्न विचारी आणि पोरगी क्षणभर नुसती बघत उभी. बाईंना वाटे, पुन्हा अडकू लागली की काय? नोकरी जाते की काय? तिलाच विचारावं, तर ती आणखी अडकेल ही धास्ती. शेवटी त्यांनी संशय माझ्यावर घेतला आणि छत्री बसवणाऱ्या धीरजला बोलावलं.

धीरजनं मला उगाच दोनदा हलवून पाहिलं.

"काकू, हिच्यात काई बिघाड नाई. प्रश्न सॅटेलाइटवर चढते, मंग रक्षाच्या गाडीवरच्या छत्रीत उतरते. छत्तीस हजार किलोमीटर वर, तेवढंच खाली. उत्तराची बी तीच वाट. उजेडाच्या वेगानं जाते, तरी अर्धा सेकंद लागते. वरून मशिनीचा थोडासा वेळ."

"म्हणजे पोरगी अडकून नाई राह्यली?"

"नाई. तिचं बोलणं रस्त्यात हाय."

तेव्हापासून बाई निवांत. रक्षा गप्प दिसली की शेजारणीला ऐकवतात, उजेडालाही वेळ लागतो, माझ्या लेकीचं काय घेऊन बसलात!

निवांत नाही ती मी. ती वाट मला पाठ आहे. काल रक्षा आंजी गावाहून लाइव्ह होती. प्रश्न गेला. एक सेकंद झाला, दोन झाले, चार झाले. तिचे ओठ एकाच अक्षरावर थरथरत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. एवढा वेळ कुठल्याच सॅटेलाइटला लागत नाही. मग शब्द सुटला आणि ती सलग बोलत गेली. खाली बाई समाधानानं म्हणाल्या, "आलं पाहा."

मला गंज चढलाय. बातम्या आता मोबाइलवर येतात, तेव्हा काढायचं तर खुशाल काढा. पण तिची नोकरी पक्की होऊ द्या. तोवर ती थांबली, कितीही थांबली, तरी दोष आमच्या लांबच्या वाटेलाच द्या.