यादीत आई नव्हती

सहा महिन्यांत एक फोन. ओस्लोहून आलेल्या हेल्पलाइनच्या अहवालात गुरुग्राम ऑफिससमोर एवढाच आकडा होता. खाली मुख्य ऑफिसातल्या इंग्रिडने कौतुकाने लिहिलं होतं, की तुमची माणसं फारच समाधानी दिसतात.

देविकाला हसू आलं. चारशे माणसांच्या या ऑफिसचं एचआर ती नऊ वर्षं सांभाळत होती. सासूचं ऑपरेशन, मुलाची दहावी, न सांगता गावी गेलेली कामवाली, सगळं तिच्या टेबलापर्यंत यायचं. मग ते हेल्पलाइनवर का जात नव्हतं? कसलीही अडचण असो, मोकळेपणाने बोला, नाव कुणाला कळणार नाही, अशी ही सोय कंपनीने जगभरच्या आपल्या ऑफिसांसाठी केली होती. तिने सगळ्यांना मेल पाठवून विचारलं, की हा नंबर तुम्ही वापरत का नाही?

उत्तर कुणाचंच आलं नाही. पण दुपारी कॅबची व्यवस्था बघणारा राजबीर मलिक आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मैंने एक बार फोन किया था."

राजबीर पानिपतचा. वडील गेल्यापासून त्याची आई तिथल्या घरात एकटी होती. जेवणाखाण्यातून तिचं लक्षच उडालं होतं, दिवसदिवस पडून राहायची. काय करावं सुचेना, म्हणून त्याने फोन लावला. पलीकडचा माणूस इंग्रजीत, अगदी अदबीने बोलला. राजबीरने तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं सांगितल्यावर त्याला कळलं, की ही सोय कर्मचारी, त्याचा जोडीदार आणि मुलं एवढ्यांपुरतीच आहे. यादीत आई नव्हती.

"मैंने पूछा, तो फिर माँ किस में आती है?" राजबीर म्हणाला. "उन्होंने सॉरी बोल दिया."

त्याचं नाव न घेता देविकाने हे इंग्रिडच्या कानावर घातलं. इंग्रिड मनाने चांगली, पण तिला खरोखरच उलगडा होईना. त्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसांकडे बघायला सरकारी नर्स घरी येते. त्यात ऑफिसचा काय संबंध?

"आमच्याकडे आई-वडील आमच्या घरात राहतात," देविका म्हणाली. "घरात नसले तर डोक्यात राहतात. तेवढं डोकं ऑफिसच्या कामातून कमी होतं."

हे मात्र इंग्रिडला पटलं. तीन महिन्यांच्या बोलीवर गुरुग्रामपुरते हिंदी बोलणारे समुपदेशक मिळाले, आणि यादीत आई-वडील, सासू-सासरे असे चौघेही आले.

आता नंबर लोकांपर्यंत पोचवायचा कसा? कॉफी मशीनशेजारी लावलेल्या पोस्टरसमोर कुणी थांबायला धजत नव्हतं. थांबलं, की मागून कुणीतरी विचारणारच, 'क्या यार, सब ठीक?'

यावर तोड काढली देविकाच्या सासऱ्यांनी. विश्वनाथराव केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. तिथे दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी एक फॉर्म असायचा आणि तो न्यायला कुणीच येत नसे. त्यांनी तो रजेच्या अर्जाच्या मागच्या बाजूला छापून घेतला.

"रजा सगळ्यांनाच लागते गं," ते म्हणाले. "मग कोण कशासाठी फॉर्म नेतोय, हे कुणाला कळायचं? चार महिन्यांत अकरा जण आले."

देविकाने नंबर सगळ्यांच्या आयकार्डामागे छापला. साहेबांच्याही आणि गेटवरच्या गार्डच्याही.

राजबीरने रविवारी पानिपतला जाऊन तो नंबर लावला आणि आईसमोर फोन धरला, तेव्हा आपल्याला वेडी ठरवतोय म्हणून ती त्याच्यावरच उखडली. "मैं के बावली सूँ?" त्याने फोन खाटेवर ठेवला आणि आपण अंगणात जाऊन बसला. पाऊण तासाने डोकावला, तर आई बोलतच होती. कारखान्यातून घरी आलेल्या नवऱ्याच्या भुवयांत सुताचे तंतू अडकलेले असायचे आणि ती ते पदराने काढायची, हे सांगताना ती रडत होती. राजबीरला हे आजवर माहीतच नव्हतं. त्या संध्याकाळी तिने स्वतः चूल पेटवली. दर बुधवारी त्या समुपदेशक बाईंचा फोन येऊ लागला, आणि दुसऱ्या महिन्यात आई शेजारणीबरोबर बाजारात जाऊन आली. समुपदेशक बाईंचं लग्न झालंय का, याची चौकशी तिने लेकाकडे दोनदा केली, हे राजबीरने देविकाला जरा लाजतच सांगितलं.

तीन महिने सरले तेव्हा फोनांचा आकडा सत्तावन्नवर गेला होता, आणि त्यातले निम्म्याहून जास्त आई-वडिलांसाठी होते. व्हिडिओ कॉलवर इंग्रिडने ते सगळं टिपून घेतलं, सोय कायम केल्याचं सांगितलं आणि तरी कॉल बंद केला नाही.

"देविका, माझी आई उत्तरेला ट्रॉम्सोमध्ये असते," ती जरा चाचरत म्हणाली. "नर्स येते रोज. पण आई तिच्याशी बोलत नाही. माझ्याशीसुद्धा हल्ली फार थोडं बोलते. ही यादी आम्ही इथे बदलायची म्हटली, तर सुरुवात कशी करावी?"

देविकाच्या पुढच्या मीटिंगची वेळ झाली होती. ती तिने उद्यावर ढकलली आणि इंग्रिडला विचारलं, "आधी मला सांग, तुझ्या आईला काय काय आवडतं?"