पिनेचं दुसरं टोक

"माणूस खोटं बोलतो, पोलाद कधीच नाही!" पोर्ट सैदच्या गोदीतल्या मोठ्या क्रेनवरून रऊफसाहेबांनी जाहीर केलं. त्याच क्षणी त्यांच्या मुठीतल्या जेलीच्या बाटलीने असा आवाज काढला, की खालचे रंगारी एकमेकांकडे संशयाने बघू लागले. बाटली रिकामी होती.

पोलादाच्या पोटातलं ऐकणं हा रऊफसाहेबांचा धंदा. कानाला न कळणारा बारीक आवाज ते यंत्राने लोखंडात सोडत. वाटेत तडा असला की आवाज तिथूनच परत फिरे आणि पडद्यावरच्या रेघेला सुळका फुटे. आज पाळी क्रेनच्या आकड्याच्या पिनेची होती.

"काय म्हणते पिन?" गोदीत सगळे ज्याला 'रईस' म्हणत त्या मुकादम बयूमीने खालून विचारलं.

"औषधालाही तडा नाही, रईस. रेघ बघ, कशी दोरीत."

"मेहुण्यांनीच पास केलंय म्हटल्यावर मी वर झोपलो तरी चालेल," म्हणत दसूकी केबिनमध्ये चढला. तो क्रेन चालवायचा, आणि रऊफसाहेबांची बहीण त्याला दिलेली होती.

पास झाल्याची हिरवी चिठ्ठी डकवून रऊफसाहेब खाली फूलच्या, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याच्या, गाडीपाशी आले. जवसाचं तेल आणि लिंबू घातलेला घास तोंडात गेला आणि तिथेच थांबला.

रेघ सरळ होती. फारच सरळ होती.

निर्दोष पिनेतही आवाज दुसऱ्या टोकाला आपटून परततो. तिथला शेवटचा सुळका दिसायलाच हवा. तो नव्हता. म्हणजे रऊफसाहेबांच्या तपासणीनुसार ही पिन इथून निघून थेट सायप्रसला पोचत होती. खरं तर आवाज आत शिरलाच नव्हता. यंत्र आणि लोखंड यांच्यामध्ये जेली, निदान तेल तरी नसेल तर हवा राहते, आणि हवा त्याला आत जाऊ देत नाही. नव्या उमेदवारांना पहिल्या दिवशी हे रऊफसाहेबच शिकवत. पण पडद्याकडे बघायच्या वेळी ते आपल्या वाक्याकडे बघत होते.

समोर फेरीबोटीचं इंजिन क्रेनने उचलायला साखळदंडात अडकवलं होतं. दोन फिटर त्याला हात लावून उभे होते.

"रईस, थांबव. यंत्रात जरा…" इतकं म्हणून त्यांनी वर पाहिलं. दसूकी खिडकीतून त्यांना हात करत होता. "नाही. यंत्र ठीक आहे. पिन मी तपासलीच नाही."

बयूमीने शिट्टी मारली. फिटर बाजूला झाले. "मग एवढा वेळ वर काय करत होतात?"

"बोलत होतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दसूकी उतरून आला. "साहेब, बहिणीशी काही वाकडं असेल तर तिच्याशी भांडा. ती तयारच असते. मला कशाला मधे घेता?"

रऊफसाहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. परत वर चढून ते हिरवी चिठ्ठी नखाने खरवडू लागले. सकाळपासून एवढी एकच गोष्ट नीट चिकटली होती, त्यामुळे ती कपट्याकपट्याने निघाली. अख्खी गोदी बघत होती. मग त्यांनी बाटली पिळली. बाटलीने मघाचंच मत पुन्हा मांडलं.

ते खाली आले, मान खाली घालून फूलवाल्यासमोर उभे राहिले.

"भाऊ, वाटीभर जवसाचं तेल देतोस? लिंबू पिळू नकोस."