छातीचा फोटो

धाकटीने कॅमेऱ्याचं मोठं चपटं तोंड ताईच्या हनुवटीपासून खाली सरकवत थेट छातीवर आणलं आणि खुर्ची ओढून ती पडद्यासमोर बसली.

"हलू नकोस. वीस मिनिटं."

ताईने निमूटपणे डोळे मिटले. मागच्या खेपेला हीच ताई या पलंगावर पडल्या पडल्या ओरडली होती, "अगं, हे धूड माझ्या नाकावर बसवतेस की काय? काढ आधी! काढ म्हणते ना!" बाहेर बसलेले पेशंट दचकून उभे राहिले होते. ताईचा आवाजच तसा. तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेला. ती शाळेत रागावली की शेजारच्या इमारतीतली पोरं अभ्यासाला बसतात, असं भावजी म्हणायचे.

रक्तात कॅल्शियम वाढून ताईची हाडं ठणकत होती. गळ्यात कॅल्शियमचा तोल राखणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांतल्या एकीची गाठ झाली होती. ती नेमकी कुठे आहे, हे ऑपरेशनआधी शोधणं धाकटीच्या विभागाचं काम. गाठीत साठणारं औषध टोचायचं, दोन तासांनी गळ्याचा फोटो घ्यायचा आणि मग छातीचा, कारण अशी ग्रंथी कधीकधी जन्मापासूनच छातीत असते. पेशंट रडो की रागावो, छातीचा फोटो सोडायचा नाही, हे धाकटी नव्या मुलींकडून घोकून घ्यायची. तिने स्वतः तो कधी कुणासाठी सोडला नव्हता.

ताईसाठी सोडला. गळ्यात डावीकडे एक पुसट ठिपका दिसत होता. तेवढ्यावर तिने मनाची समजूत घातली, फॉर्मवर 'रुग्णाला झोपवेना' असं लिहिलं आणि ताईला उठवलं. तिच्या कामावर डॉक्टरांचा डोळे झाकून विश्वास, त्यांनीही खोदून विचारलं नाही. ताई तर केवढी खूश! घरचं माणूस असलं की अर्ध्या वेळात सुटका होते, असं ज्याला त्याला सांगत सुटली.

सर्जननी गळा उघडून डावीकडे शोधलं, मग उजवीकडे शोधलं. तीन तास गेले. गाठ मिळाली नाही, पण शोधताना आवाजाची नस दुखावली. आता ताई बोलली की नुसती हवा बाहेर येते. वर्ग गेला. शाळेने तिला ग्रंथालयात बसवलं. तिथे शांतताच लागते, बरं झालं, असं ताईच हसून म्हणायची आणि धाकटीला मान वर करवत नसे.

पडद्यावर चित्र भरत आलं. हृदयाच्या थोडं वर, छातीच्या हाडामागे, एक ठळक गोल ठिपका होता. नव्या मुलीनेही पहिल्या दिवशी ओळखला असता.

तिने कॅमेरा वर घेतला आणि ताईला बसतं केलं.

"सापडली?" ताई कुजबुजली.

"सापडली. छातीत आहे."

ताईने तिचा हात घट्ट धरला. "शेवटी तूच शोधलीस गं. मागच्या वेळी नव्हती ना तिथे?"

नव्हती म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. ताईने आयुष्यभर तिचं कौतुकच केलं असतं.

"होती," धाकटी म्हणाली. "मी तिथे बघितलंच नाही. तू घाबरली होतीस, मला बघवेना. म्हणून सोडलं तुला."

ताईने हात सोडला. तिचा चेहरा लालबुंद झाला, गळ्यावरच्या शिरा तटतटल्या, तोंड उघडलं. ताई जीव खाऊन ओरडत होती आणि खोलीत मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

धाकटीला एक शब्दही कळेना. ती खाली वाकली आणि ताईची बोलणी ऐकायला तिने आपला कान ताईच्या तोंडाशी नेला.