चाळणीचा पासवर्ड

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. टीममधली ती एकटीच टेस्टर. सहा जणांनी कोड लिहायचा आणि चुका हिने शोधायच्या, असा तिथला शिरस्ताच पडून गेला होता. आपलं लिहिलेलं एकदा चालवून बघायचे कष्टही कुणी घेत नसे. "चाळणी बघेल की!" म्हणायचं आणि चहाला पसार. हीही वेडी त्यातच खूश! तिच्या लॉगिनमधून तिच्या नावाची हिरवी खूण पडल्याशिवाय काही बाहेर जात नसे, म्हणून तिच्या रजेला काम अडायचं. मग तिनेच आपला पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला. माणसं आपलीच ना!

आईच्या ऑपरेशनसाठी ती रजेवर असताना टीम लीडचा फोन आला. "तुझ्या नावाने पास करतोय गं. घाई आहे."

"करा," ती म्हणाली.

औषधाचा डोस काढणारा तो प्रोग्राम हॉस्पिटलात गेला. वजनातला दशांशाचा ठिपका तो खात होता. साडेतीन किलोच्या बाळाला पस्तीस किलोचा डोस गेला. बाळ दगावलं.

मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावरची खूण दाखवली. "नाव तुझंच आहे ना?"

"मी रजेवर होते, सर. लीडसरांनीच..."

"मी?" लीडने डोळे विस्फारले. "पासवर्ड मी चिकटवला होता का?"

टीममधल्या ज्याला ती दादा म्हणायची, त्याच्याकडे तिने आशेने पाहिलं. कोड त्याचाच होता. पाच वर्षं तिने त्याच्या चुका साहेबांच्या कानावर जाऊ दिल्या नव्हत्या.

"मी हिच्याच भरवशावर लिहितो," दादा म्हणाला. "क्वालिटी बघणं हिचं काम."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळे सुटले.

शुक्रवारी तिने सामान आवरलं. अनुभवाचा दाखला लीडच्या हातात होता. तो दाखला मिळाला नसता तर दुसरीकडे तिला कुणी दारात उभं केलं नसतं, आणि आईची औषधं तर चालूच होती. तिच्या खुर्चीत नवी टेस्टर येऊन बसली होती.

"तुझा पासवर्ड इथे चिकटवून ठेव हं," लीड नवीला म्हणाला. "अडीअडचणीला बरा पडतो. हीसुद्धा तसंच करायची. काय गं?"

नवीने तिच्याकडे पाहिलं. नको गं बाई, मरशील, असं अगदी ओठांवर आलं होतं. लीडने दाखला पुढे केला होता, पण अजून सोडला नव्हता.

"हो, चिकटव," ती म्हणाली. "माणसं आपलीच आहेत."

लीडने दाखला सोडला.