कर्नलच्या पाठीवरची खोली

वेल्डरने लष्कराच्या लिलावातून तो जुना मालट्रक घरी आणला, तेव्हा त्याच्या बायकोने आधी ट्रककडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याला जेवायला काय घालायचं?"

प्रश्न रास्त होता. ट्रक शेवाळी रंगाचा, नाकाने पुढे आलेला, चाकं छातीला लागतील एवढी. वर्कशॉपच्या अंगणात तो उभा राहिला की अंगण उरतच नसे. चालू झाला की समोरच्या घरातली कपबशी खुळखुळायची. वर ऐट अशी, की गल्लीने दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'कर्नल' पाडून टाकलं.

वेल्डरचा बेत मोठा होता. एरवी कर्नलने त्याचं लोखंड वाहायचं आणि सुट्टी लागली की त्याच्या पाठीवर राहायची खोली चढवून नवरा-बायकोने भटकायला निघायचं. खोली काढती-घालती. परत आलं की तिचे चार लोखंडी पाय खाली सोडायचे, ट्रक पुढे काढायचा, की खोली अंगणात पायांवर उभी आणि ट्रक कामाला मोकळा. बायको ड्रायव्हिंग शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणारी ती बाई अशा बेतांना सहसा घाबरत नसे. ती म्हणाली, "कर. पण आत नीट पलंग हवा. मला तंबूतले खडे टोचतात."

वेल्डर कामाला लागला. लोखंडी सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, एक पलंग, एक ओटा, गल्लीच्या बाजूला खिडकी. तो त्याला नुसता 'डबा' म्हणायचा. डबा तयार होऊन पायांवर उभा राहिला, आणि नेमके कर्नलचे ब्रेक निकामी झाले. इतक्या जुन्या गाडीचे सुटे भाग मिळायचे म्हणजे वाट बघणं आलं.

त्याच सुमारास सासूबाई आल्या.

त्यांच्या घराच्या भिंतीतले पाण्याचे पाइप बदलायचे होते, म्हणून आठ दिवसांसाठी आल्या. वर्कशॉपच्या वर दोनच खोल्या. पहिली रात्र त्यांनी सोफ्यावर काढली. सकाळी वेल्डर खाली येऊन बघतो तर सासूबाई उशी काखोटीला मारून डब्याची शिडी चढत होत्या.

"आई, अहो, ते ट्रकसाठी आहे!"

"ट्रक कुठे पळून चाललाय? त्या सोफ्यावर माणूस झोपतो की त्याची घडी घालून ठेवतात? जन्मभर याच्यापेक्षा लहान खोक्यात बसलेय मी, जावईबापू. माझी काळजी नको."

ते खरं होतं. सासूबाईंची सगळी नोकरी सिनेमा थिएटरच्या तिकीटखिडकीत गेली होती. त्यामुळे डब्याची खिडकी उघडून त्या तिथे कोपर टेकून बसल्या, ते इतकं त्यांना शोभून दिसलं, की येणारा-जाणारा आपोआप थांबायला लागला. दोन दिवसांत वेल्डरला जी माणसं नुसती तोंडओळखीची होती, त्यांची गुडघेदुखी, सुनांची भांडणं आणि मांजरांची नावं सासूबाईंना पाठ झाली.

वेल्डर मात्र वैतागला. एक तर ज्या डब्यात तो अजून स्वतः एकदाही झोपला नव्हता, त्यात सासूबाई घोरत होत्या. त्यात रोज नवी सूचना.

"दिव्याचं बटण तिकडे कशाला? दिवा लावायला पलंगावरून उडी मारायची?"

त्याने तोंड वाकडं करून बटण हलवलं. मग ओट्यावरच्या फळीला काठ लावला, नाहीतर वळणावर बरण्या डोक्यात पडल्या असत्या. हे त्याला मनातल्या मनात पटलं. सासूबाईंचं सगळंच बरोबर निघे असंही नाही. त्यांच्या हट्टापायी आतून पिवळा रंग दिला, तो वाळल्यावर असा काही भडक दिसू लागला, की त्या स्वतःच डोळ्यांवर हात धरून बाहेर आल्या. "जावईबापू, मी हळदीच्या बरणीत राहत नाही," म्हणाल्या. दोघांनी मिळून तो पुन्हा पांढरा केला.

रंग देता देता त्या थिएटरच्या गोष्टी सांगायच्या. एक गृहस्थ म्हणे दर शुक्रवारी दोन तिकिटं काढायचे. एक स्वतःचं आणि एक छत्रीचं. छत्री शेजारच्या खुर्चीत नीट बसवायचे. "एकदा हाउसफुल होतं. मी म्हटलं, आज छत्रीला घरी ठेवा. तर म्हणाले, तिला हा नट फार आवडतो." वेल्डर इतका हसला की ब्रश त्याच्या बुटात पडला.

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना उलटला. ब्रेकचे भाग आले, बसले, कर्नल पुन्हा डरकाळ्या फोडू लागला. सासूबाईंच्या घराचं काम मात्र संपायचं नाव घेत नव्हतं. "गवंडी फार सावकाश," एवढंच त्या म्हणायच्या.

एके दिवशी रंगारी आपली मोडकी शिडी जोडून घ्यायला वर्कशॉपमध्ये आला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या सासूबाईंचं घर मीच रंगवलं की. होऊनही किती दिवस झाले. चावी त्यांच्या हातात दिली मी."

वेल्डर शिडीकडे बघत राहिला. सासूबाईंचं घर त्याच्या डोळ्यांसमोर आलं. चौथा मजला, लांब बोळ, तिन्ही शेजारी दिवसभर कामाला. आणि त्याला हेही जाणवलं, की पूर्वी वर्कशॉपमध्ये त्याचा अख्खा दिवस यंत्राच्या आवाजात एक शब्द न बोलता जायचा, आता चार वाजले की त्याचे कान "जावईबापू, चहा!" या हाकेकडे लागतात. त्याने मास्क खाली ओढला, शिडी जोडून दिली आणि मूग गिळून गप्प बसला. बायकोलाही काही सांगितलं नाही.

पण किती दिवस गप्प बसणार? सुट्टी जवळ आली. रविवारी डबा चढवायचं ठरलं. सासूबाईंनी निमूटपणे आपली बॅग भरून खाली आणून ठेवली. वेल्डरला उगाचच चोरट्यासारखं झालं.

ट्रक डब्याखाली मागे घ्यायचं काम अर्थातच बायकोचं. डब्याचे पाय आणि ट्रकची बाजू यांत दोन्हीकडे जेमतेम चार बोटं जागा. एका बाजूने वेल्डर ओरडला, "डावीकडे घे!" दुसऱ्या बाजूने सासूबाई ओरडल्या, "उजवीकडे!" शेजारी ओरडले, "थांबा!" बायकोने इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि शिकाऊ लोकांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाली, "एकानेच बोला. आई, तू बोल. बाकी सगळ्यांनी तोंडं मिटा."

सासूबाई पुढे झाल्या. "ये... ये... सावकाश... थांब गं!"

कर्नलची पाठ डब्याच्या तळापेक्षा दोन बोटं उंच होती. डबा आत जाणं शक्यच नव्हतं.

वेल्डरने टेप लावून पाहिला. मग त्याला आठवलं आणि त्याने कपाळावर हात मारला. माप घेतलं तेव्हा कर्नलवर गर्डर लादलेले होते. ओझ्याने चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबले होते. आज पाठ मोकळी, म्हणून कर्नल वर उचलला गेला होता. डब्याचे पाय तर आणखी उंच होत नव्हते.

"एवढंच ना? आम्ही चढतो, बसेल खाली," म्हणत अर्धी गल्ली ट्रकवर चढली. समोरच्या काकांनी तर दोन उड्याही मारल्या. पाटे लष्करी, केसभरही हलले नाहीत.

"काका, उतरा, तुमचे गुडघे जातील," सासूबाई म्हणाल्या.

बायको स्टिअरिंगवर हनुवटी ठेवून विचार करत होती. "अरे, चाकांतली हवा सोड ना," ती म्हणाली. "एवढाले टायर आहेत. नंतर भर कॉम्प्रेसरने."

सगळे एकदम बोलायला लागले. हवा सुटायला लागली तसा कर्नल दीर्घ उसासा टाकत हळूहळू खाली बसला. "ये... ये... आणखी ये..." चार बोटांच्या फटीतून पाय न घासता ट्रक आत गेला, आणि सासूबाईंनी दोन्ही हात वर केले. "बस्स!"

वेल्डरने पाय आळीपाळीने वर घेतले. डबा अलगद पाठीवर टेकला. मागचे दोन कोपरे त्याने पक्के आवळले. पुढे मधोमध एकच जाड खीळ, तिच्यावर डबा थोडा झुलता. खड्ड्यांत ट्रक पिळवटला तरी डबा फाटू नये म्हणून. खीळ बसली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर सासूबाईंनी बॅग उचलली. "एक सांगायचं राहिलं," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "माझं घर कधीच झालंय."

"माहीत आहे," वेल्डर म्हणाला.

"मलाही," बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तुला कधीपासून?"

"शिडी जोडली तेव्हापासून. तुला?"

"मी पंधरा दिवसांनीच गवंड्याला फोन केला होता."

सासूबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "म्हणजे मी एकटीच लपवत बसले होते?" असं म्हणून त्या हसायला लागल्या, इतकं की डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "बरं, आता मला घरी सोडा. उद्या सोमवार, घर झाडायला हवं."

"घर काही उद्याच मळून जात नाही," वेल्डर म्हणाला. "आधी तळ्यावर जाऊन येऊ. केबिनमध्ये तीन माणसं आरामात बसतात, आई."

आराम वगैरे काही नव्हता. कर्नलच्या केबिनमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, पण सासूबाई मध्ये बसून तळ्यापर्यंत अखंड बोलत होत्या आणि दोन्हीकडचे मान डोलावत होते. मुक्कामाला पोचल्यावर मायलेकी डब्यातल्या पलंगावर झोपल्या आणि ज्याने तो पलंग बनवला होता, तो केबिनच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन आडवा झाला.

सकाळी सासूबाईंनी खालून चहाचा कप वर केला. "झोप लागली का?"

"मान आखडली," वेल्डर म्हणाला.

"मग पुढच्या वेळी केबिनमध्ये मी झोपेन. मी ठरवलंय, सोमवार ते गुरुवार माझ्या घरी राहायचं. चार जिने चढले तर पाय तरी मोकळे होतील. शुक्रवारी तुमच्याकडे."

त्याने चहा बॉनेटवर ठेवला, टेप काढला आणि केबिनच्या टपावर चढला. तळ्यावरून गार वारा येत होता. बायको डब्याच्या दारात केस बांधत उभी होती.

"सकाळी सकाळी काय मोजतोयस?"

"डबा पुढे टपावर थोडा वाढवला तर तिसरा पलंग बसतोय का ते."

"बसतोय?"

"अं... माणूस बुटका असला तर."

"मी बुटकीच आहे," सासूबाई खालून म्हणाल्या. "आणि आधी चहा प्या, गार होतोय."