मोटार विकून मला घेतलं तेव्हा

मित्रांनो, भिंतीला टेकून उभी असलेली, फाटक्या सीटची, धुळीने माखलेली ही मोटारसायकल बघून हळहळू नका. मी जुनी आहे खरी, पण एके काळी माझ्यापायी एका घरात असा वाद रंगला होता की अख्ख्या गल्लीने त्यात तोंड घातलं! मोटार विकून मोटारसायकल घेतली तर पैसे वाचतात का, एवढाच तो वाद. त्याचं उत्तर मात्र मला रस्त्यावर धावून द्यावं लागलं.

माझे सुटे भाग पेट्यांत भरून परदेशातून बोटीने आले आणि माराकेश शहरातल्या एका दुकानात मला जोडलं गेलं. मी लालचुटूक होते. पहिल्या किकला माझं इंजिन धडधडलं तेव्हा मला वाटलं, दुकानाची काच फोडून आत्ताच्या आत्ता निघावं! पण माणसं यायची, हँडल दाबून बघायची आणि निघून जायची. मग एके दिवशी यामना आली. पंचेचाळिशीची बाई, बाहीला पीठ लागलेलं, चालणं झपाझप. तिने अशी काही घासाघीस केली की दुकानदाराने शेवटी कपाळाला हात लावला आणि तिच्यासाठी पुदिन्याचा चहा मागवला. त्याच दुपारी मी तिच्या घरी गेले आणि मोटार ठेवायच्या रिकाम्या खोलीत राहू लागले.

यामना घरी पाव आणि बदामाचं सारण भरलेले कानवले करून दुकानांना पुरवायची. भाजायला मात्र मोहल्ल्याच्या भट्टीवर जावं लागे. तिथे रांग, तिथे धक्काबुक्की, आणि भट्टीवाल्याचं लक्ष चुकलं की दिवसभराच्या मेहनतीचा कोळसा. स्वतःची भट्टी असावी, हे तिचं एकच स्वप्न होतं.

तिचा नवरा अल्लाल शिंपी होता. त्याचं दुकान जुन्या शहरातल्या इतक्या अरुंद बोळात होतं की समोरून गाढव आलं तर माणसाने भिंतीला चिकटावं. त्याच्या मोटारीने ते दुकान जन्मात पाहिलं नव्हतं! ती वेशीबाहेर उभी राहायची आणि राखणदार तिचे पैसे घ्यायचा. पण गल्लीत तेवढी एकच मोटार. कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचंय, कुणाचा पाहुणा स्टँडवर उतरलाय, की लगेच दारावर थाप पडे. "सी अल्लाल, जरा येता का?" आणि सी अल्लाल, म्हणजे आपले अल्लालराव, हातातली सुई टोचून ठेवून निघत. पेट्रोलचे पैसे मागायचे म्हणजे तर लाजच गेली!

"मोटार आपली, पेट्रोल आपलं, आणि फिरतं सगळं गाव," यामना म्हणायची.

"लोक मान देतात म्हणून बोलवतात."

"मग मान घाल टाकीत आणि चालव मोटार!"

शेवटी, मला घेण्याआधी, दोघांत तह झाला. मोटार अल्लालच्या चुलतभावाने, हम्मादीने घ्यायची. माझी किंमत वजा जाता उरलेल्या पैशांना बकरी ईदपर्यंत कुणी हात लावायचा नाही. माझ्यामुळे खरोखरच पैसे वाचले, तर त्या राखलेल्या रकमेतून भट्टी आणायची. नाही वाचले, तर हम्मादीने मोटार परत द्यायची आणि मला विकून टाकायचं. ऐकलंत ना मित्रांनो? यामनाची भट्टी आणि माझं घर, दोन्ही एकाच ईदवर टांगलेलं!

मग काय विचारता! मी धावले, अगदी जीव तोडून धावले. चालवायची यामना. अल्लालने एकदाच मला चालवायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघं संत्रीवाल्याच्या ढिगात जाऊन पडलो. तेव्हापासून तो मुकाट्याने मागे बसू लागला. पहिल्याच सकाळी मी त्याला बोळातून थेट दुकानाच्या उंबऱ्याशी नेऊन सोडलं. शेजारच्या चांभाराने टाळ्या वाजवल्या.

"कसं वाटलं?" यामनाने विचारलं.

"कानाला वारा लागतो," अल्लाल म्हणाला. पण मला त्याचे गुडघे कळत होते. ते खूश होते!

पहिले दोन महिने यामनाच्या आनंदाला पारावार नव्हता. मोटार आठवड्यात प्यायची तेवढ्या पेट्रोलवर मी महिना काढत होते. पाठीवर कानवल्यांचे ट्रे बांधून मी बसच्या आणि घोडागाडीच्या मधून सुळकन निघून जाई. मात्र याच आनंदात यामनाचं एक चुकलं. मिस्त्री म्हणाला, "इंजिनचं तेल बदला, साखळीलाही द्या." ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात बघू. पळतेय ना!" वाचवायच्या नादात ती माझ्याच तोंडचं काढत होती. माझा घसा कोरडा पडत चालला होता, पण मला बोलता कुठे येतं?

व्हायचं तेच झालं. ऐन उन्हाच्या तडाख्यात, भर चौकात माझं इंजिन जाम झालं. मागे शंभर भोंगे वाजत होते आणि ट्रेमधले कानवले उन्हाने घामेजले होते. दुरुस्तीत दोन महिन्यांची बचत जवळजवळ वाहून गेली.

"वाचले का पैसे?" अल्लालने विचारलं. त्या दिवसापासून यामना माझ्या तेलाकडे डोळ्यांत तेल घालून बघू लागली, पण ईद जवळ येत होती.

अल्लालला दुसरीच गोष्ट खात होती. आता त्याच्या दारावर थाप पडेनाशी झाली होती. संध्याकाळी तो दारात बसून राही आणि लोक नुसते सलाम करून पुढे जात. शेजारच्या लल्ला बतूल, म्हणजे बतूलबाई, या विधवा म्हाताऱ्या. त्यांचा ईदचा मेंढा दरवर्षी अल्लालच मोटारीतून आणी. यंदा त्या यामनाला म्हणाल्या, "मी तीनचाकी ठरवीन ग. त्याला नको सांगूस. बिचाऱ्याकडे आता फटफटीच उरलीय."

ते 'बिचारा' अल्लालने आतून ऐकलं. ताडकन बाहेर आला आणि म्हणाला, "ईद झाली की मोटार परत आणायची. बचत गेली खड्ड्यात!" यामना कणीक मळत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा मळू लागले. मला तर रडूच फुटलं असतं.

ईदच्या आदल्या दिवशी आम्ही मेंढ्यांच्या बाजारात गेलो. काय ती गर्दी! धूळ, बें बें, आरडाओरडा, आणि रस्त्यावर मोटारींची न हलणारी रांग. अल्लालने एक मेंढा घेतला. तो कसा न्यायचा म्हणून दोघं विचार करत होती, तेवढ्यात कडेला लल्ला बतूल दिसल्या. एका हाताने मेंढ्याचं शिंग आणि दुसऱ्याने डोक्यावरचा रुमाल धरून त्या उन्हात बसल्या होत्या.

"तीनचाकीवाला तिप्पट मागतो रे पोरा," त्या म्हणाल्या. "म्हणाला, नसेल परवडत तर खांद्यावर ने."

अल्लालने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मेंढ्याकडे पाहिलं. मग आपला मेंढा ओळखीच्या माणसाच्या दावणीला बांधला आणि म्हणाला, "यामना, कर चालू! आधी यांचा."

मित्रांनो, ती फेरी मी मरेपर्यंत विसरणार नाही! पुढे यामना, मागे अल्लाल, आणि दोघांच्या मध्ये आडवा मेंढा. माझं इंजिन केवढंसं, पण मी ताकद लावली आणि निघाले! मोटारींच्या मधून, चिंचोळ्या बोळांतून, खड्डे चुकवत. मेंढा यामनाच्या रुमालाचं टोक चघळत होता. लोक ओरडत होते, "सी अल्लाल, नवरदेव छान मिळाला!" आणि अल्लाल हसून हसून बेजार झाला होता. दुसऱ्या फेरीला म्हाताऱ्या बाई माझ्या पाठीवर बसल्या. "हळू ग, हळू," असं चार वेळा म्हणाल्या आणि मग म्हणाल्या, "त्या पांढऱ्या मोटारीच्या पुढे काढ की!"

ती पांढरी मोटार म्हणजे अल्लालचीच जुनी मोटार. हम्मादी तीत घामाघूम होऊन अडकला होता, मागच्या खिडकीतून मेंढ्याचं तोंड बाहेर. आम्ही सुर्रकन पुढे गेलो.

मग बातमी पसरली. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभीच होती. "सी अल्लाल, माझाही आणता का?" "सी अल्लाल, जरा येता का?" संध्याकाळपर्यंत आम्ही इतके मेंढे वाहिले की माझ्या ब्रेकचे पार तुकडे पडले आणि टाकीत थेंब उरला नाही. पैसे अर्थातच कुणाकडून घेतले नाहीत. यामना पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "उरलीसुरली बचतही मेंढ्यांनी खाल्ली."

ईदच्या दुपारी हम्मादी आला आणि त्याने मोटारीची किल्ली अल्लालपुढे धरली. "घे भाऊ. पेट्रोल पिते नुसती, आणि आमची गल्ली मला ड्रायव्हर समजते. तुझं कळतंय मला आता."

अल्लालने किल्ली हातात घेतली. यामनाने मान खाली घातली होती आणि मी दारातून बघत होते.

"हिशेब सांगतो," अल्लाल म्हणाला. "हिने जेवढं म्हटलं होतं, त्याच्या निम्मंही वाचलं नाही. थोडं इंजिनने खाल्लं, थोडं मेंढ्यांनी." यामनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण मोटार होती तेव्हा काहीच उरत नव्हतं. शिवाय आता ती ठेवू कुठे? मोटारीच्या खोलीत तर भट्टी येणार."

यामनाने मान वर केली. "काय म्हणालास?"

"भट्टी. बहिरी झालीस की काय?" असं म्हणून त्याने किल्ली हम्मादीच्या खिशात कोंबली. यामना एकाच वेळी हसली आणि रडली, आणि मी आनंदाने भोंगा वाजवला असता, पण तोही मेंढ्याने लाथ मारून बंद पाडला होता!

भट्टी आली. तिच्यापायी मला रात्री गल्लीत भिंतीशी उभं राहावं लागलं, पण मी कुरकुर केली नाही. कित्येक वर्षं मी पाव वाहिले, बायकांना दवाखान्यात नेलं, परीक्षेला उशीर झालेल्या मुलींना वेळेवर पोहोचवलं. मग यामनाचा धंदा वाढला, माल न्यायला टेम्पो आला, आणि मी इथेच उभी राहिले. गेल्या आठवड्यात भंगारवाला आला होता. अल्लालने त्याला हाकलून दिलं. "विकणार नाही! या गाडीने आमचं घर उभं केलंय!" म्हणाला, माझ्या सीटवर थाप मारली आणि आत गेला. धूळ तशीच राहिली. साखळी तशीच गंजत राहिली.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. पैसे वाचतात का, असं मला विचाराल, तर वाचतात! पण जी वस्तू तुमचे पैसे वाचवते, तिच्यावर थोडे खर्चही करा. माझे गोडवे पुष्कळ गाऊन झाले. आता कुणीतरी माझ्या साखळीला तेल द्या, टाकीत पेट्रोल ओता आणि एक किक मारा. मग बघा मी कशी धावते!