मागची सीट

हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि माझ्या नवऱ्याच्या हौसेला तर छप्परही नव्हतं. स्वानंदला उघड्या टपाची जुनी अमेरिकन गाडी हवी होती, मसल कार, लांब नाकाची, आठ सिलिंडरचं इंजिन घेऊन गुरगुरणारी, आमच्या दोघांच्या जन्माआधीची. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण जे झालं त्यात त्या कंपनीचा काहीच दोष नाही. आम्ही जपानमध्ये राहतो, तोक्योजवळ ग्योतोकुला, घरापासून स्टेशन सात मिनिटांवर, त्यामुळे गाडीची गरज शून्य. पण बारा वर्षं एखादा माणूस एकाच गोष्टीबद्दल बोलत राहिला की बायकोलाही ती गोष्ट आपलीच वाटायला लागते. मी दोन अटी घातल्या. गाडी मी स्वतः तपासणार, आणि मागच्या सीटला पट्टे असलेच पाहिजेत, कारण तिथे नुपूर बसणार. दोन माणसांची गाडी मी दारातही उभी करू दिली नसती, आणि स्वानंदलाही ती नकोच होती. लेकीला मागे बसवून समुद्राकाठच्या रस्त्याने न्यायचं, एवढंच तर त्याचं स्वप्न होतं.

तपासणी हे माझं पोटापाण्याचं काम आहे. पुण्यात मेकॅनिकल इंजिनियर झाले, नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले, तीन वर्षं घरी बसून भाषा शिकले आणि आता ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अखेरच्या तपासणीला उभी असते. आमच्याकडे नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही. वस्तूकडे हात लांब करून बोट दाखवायचं, जे दिसतं ते मोठ्याने बोलायचं आणि शेवटी ‘योशी’ म्हणायचं, म्हणजे ‘ठीक’. इथले ट्रेनचे ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून करतात तेच. जोडीला दुसरा माणूस असेल तर त्यानेही तिकडे बोट दाखवून तेच शब्द परत बोलायचे. दोघांनी म्हटलं की ती गोष्ट तशीच आहे असं धरायचं, पुढे कोणी पुन्हा बघत नाही. पहिल्या दिवशी मला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की जो बघत नाही त्याच्यापेक्षा जो बघण्याआधीच बोलतो तो जास्त धोक्याचा. आपल्याकडे याला उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, पण ते मला त्यांना जपानीत सांगता आलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका लख्ख शनिवारी आम्ही तिघं दोन ट्रेन बदलून योकोहामाच्या पलीकडे, डोंगरउतारावरच्या एका लहान स्टेशनवर उतरलो. गाडीचे मालक हिरानुमा-सान न्यायला आले होते. सत्तरीचे, ताठ, हातात पांढरे मोजे. चाळीस वर्षं रेल्वेच्या कारशेडमध्ये डबे तपासले, असं त्यांनी वाटेत सांगितलं, आणि मला बरं वाटलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तशा तपासनिसाच्या तपासनिसाला. घरी त्यांच्या पत्नीने दारातच नुपूरसाठी कपाटातून छोट्या सपाता काढल्या, वय विचारलं, तिने सहा बोटं दाखवल्यावर ‘गोड आहे हो’ म्हणून तिच्या हातात सफरचंदाच्या रसाचं खोकं दिलं. नुपूरने जपानीत आभार मानले. मी मराठीत बोलायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रोजचा खेळ आहे.

गाडी मागच्या आवारात टप उतरवून उभी होती. गडद निळी. स्वानंद तिच्याभोवती हात मागे बांधून फिरत राहिला, देवळात प्रदक्षिणा घालावी तसा.

"बघ तरी," तो म्हणाला. "काही बोलू नकोस, आधी नुसती बघ."

"बघायलाच आलेय," मी म्हटलं आणि पिशवीतून फ्रिजवरचं मॅग्नेट काढून मऊ फडक्यात गुंडाळलं.

जुन्या गाडीचा रंग खोटं बोलतो, मॅग्नेट बोलत नाही. रंगाखाली पत्रा असला तर ते चिकटतं, गंज खरवडून पुटी भरली असली तर घसरतं. मी चारी बाजू चाचपल्या, सगळीकडे चिकटलं. उघड्या टपाच्या गाडीत पाणी आत जातं म्हणून गालिचे उचलून तळ पाहिला. डोक्यावर पक्कं छत नसल्याने अशा गाड्या कमरेत वाकतात आणि दारांच्या फटी कमीजास्त होतात, म्हणून त्या फटी मोजल्या. प्रत्येक गोष्टीला हिरानुमा-सान मोज्यातलं बोट रोखून खणखणीत आवाजात बोलत आणि मी मागून तेच बोलत होते. पुढचा डावा टायर, भेग नाही, योशी. ब्रेकचं तेल, रेघेपर्यंत, योशी. मागचे पट्टे, नवे, दोन, योशी. तो म्हातारा आणि मी, आमचा ठेका असा काही जुळला की स्वानंद हसायला लागला. मलाही मजा येत होती हे कबूल केलं पाहिजे. इतकी चोख तपासणी मी कारखान्यातसुद्धा क्वचित केली असेल.

शेवटचं काम टपाचं होतं. बटण दाबलं की कापडी टप मागून उठतो आणि पुढे येऊन काचेच्या चौकटीवर बसतो. त्याच्या लोखंडी दांड्या मागच्या सीटच्या दोन्ही अंगांनी कात्रीसारख्या मिटतात, तिथे बोट सापडलं तर तुटेल. म्हणून बटणाआधी एक गोष्ट तपासायची असते. मी पंपाच्या आवाजाकडे कान लावायला वाकले होते. हिरानुमा-सानांनी हात लांब केला.

"मागची सीट, कोणी नाही, योशी!"

"मागची सीट, कोणी नाही, योशी!" मी हात लांब करून म्हणाले.

तोंड मिटल्यावर माझी नजर बोटापाशी पोचली. बोटाच्या टोकासमोर नुपूर बसली होती. ती केव्हा आत चढली कोण जाणे. स्ट्रॉ तोंडात होती आणि ती रस ओढायचं थांबवून माझ्या बोटाकडे पाहत होती.

पंप घुमला, टप उठायला लागला.

"थांबा!" मी ओरडले. "मुलगी आहे आत!"

हिरानुमा-सानांनी लगेच बटण सोडलं आणि कमरेत वाकून माझी माफी मागितली. पण ते माझ्याकडे बघत होते, सीटकडे नाही. कोणत्या मुलीबद्दल बोलताय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि सभ्यतेमुळे तो ते विचारत नव्हते. स्वानंद पुढच्या बॉनेटमधून डोकं काढून म्हणाला, "काय गं, झालं का काही?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा आत वाकला. मी नुपूरला काखेत धरून उतरवलं. तिचे हात गार होते. माझी मला लाज वाटली, दिवसाला सहाशे वेळा बोट दाखवणारी बाई मी, आणि स्वतःच्या पोरीच्या बाबतीत जीभ घसरली. ओशाळून मी हसले. बाकी कोणी हसलं नाही.

मग हिरानुमाबाई चहा घेऊन आल्या. तीन पेले आणि बशीत तीन संत्री. नुपूर माझ्याजवळ उभी होती, बाईंचा एप्रन तिच्या गालाला लागून गेला, इतक्या जवळून त्या वळल्या आणि काही बोलल्या नाहीत. विसरल्या असतील, मी स्वतःला समजावलं आणि माझं संत्रं सोलून नुपूरला दिलं. पण जाता जाता त्यांनी दारातल्या छोट्या सपाता उचलल्या, एकमेकींवर झटकल्या आणि परत कपाटात ठेवून दिल्या. नुपूर ते पाहत होती.

"आई," ती म्हणाली, "मी काय केलं?"

मराठीत. मी न सांगता, स्वच्छ मराठीत.

गाडीच्या सरकारी तपासणीची मुदत संपली असल्याने ती रस्त्यावर नेता येत नव्हती, आवारातच एक फेरी मारायची होती. स्वानंद डाव्या हाताच्या स्टिअरिंगवर बसला.

"चल, दोघं जाऊन येऊ," तो म्हणाला.

"आणि नुपूर?"

"हां, चल की," तो म्हणाला, जणू मी वाऱ्याबद्दल काही बोलले होते. दोन दारांच्या गाडीत मागे बसायला पुढची सीट वाकवावी लागते. ती मीच वाकवली, नुपूरला बसवलं, पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला. गाडी निघाली. खरंच सुंदर चालत होती. अर्ध्या फेरीत स्वानंदने जॅकेट काढलं आणि मागे भिरकावलं. ते नुपूरच्या तोंडावर पडलं. तिने ते बाजूला केलं आणि हसली, बाबांनी गंमत केली असं तिला वाटलं. मग बाबा वळून बघतील म्हणून ती वाट बघत राहिली.

"मागचे ते पट्टे काढून टाकू या का?" स्वानंद म्हणाला. "जुन्या गाडीत उगाच नवे दिसतात. कशाला लागणारेत?"

मी शेजारच्या सीटवरून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

"स्वानंद, मागे कोण बसलंय?"

त्याने आरशात पाहिलं. मग वळून, नीट, पूर्ण सीटभर पाहिलं. "कोणी नाही. का गं?"

"नुपूर," मी म्हटलं.

त्याचं कपाळ आक्रसलं. ऑफिसातून दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कुणाचं तरी नाव घेतल्यावर माणूस आठवायचा प्रयत्न करतो, तसा तो प्रामाणिकपणे आठवत होता. तो थट्टा करत नव्हता. बारा वर्षांचा संसार आहे, त्याची थट्टा मला त्याच्या मानेवरून कळते. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"अनघा, तुला बरं नाही का?" तो मऊपणाने म्हणाला. "पाणी आणू?"

मी उतरले आणि तडक हिरानुमा-सानांपाशी गेले. माझं जपानी त्या क्षणी फार तुटक झालं असणार.

"मघाशी मी चुकीचं बोलले. परत तपासायचं आहे. मागची सीट."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. चुकीचा पुकार रद्द करायचा एकच मार्ग असतो हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्याच जागी उभं राहायचं, तेच बोट, नवा पुकार, आणि दुसऱ्याने तो परत बोलायचा. त्यांनी मोजे घट्ट केले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मी हात लांब केला. नुपूर सीटच्या अलीकडच्या टोकाला पट्टा लावून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, शाळेत हजेरीच्या वेळी बसते तशी.

"मागची सीट, एक जण, योशी!"

आवारात माझाच आवाज घुमला. हिरानुमा-सानांनी बोट उचललं. सीटकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, खरंच पाहिलं, माणूस कामचुकार नव्हता. मग त्यांनी हात खाली घेतला.

"माफ करा," ते म्हणाले. "जे दिसत नाही ते मी कधी बोललेलो नाही."

"पण मघाशी? मघाशी ती इथेच होती!"

"मघाशीही जे दिसलं तेच बोललो. आणि तुम्हीही." ते पुन्हा वाकले, या वेळी अगदी खोल, आणि तसेच वाकून राहिले.

मला रडू फुटलं. मी स्वानंदचा हात धरून त्याला गाडीपाशी ओढत आणलं.

"तू बोल," मी म्हटलं. "मी म्हणते तेच बोल. बोट दाखव आणि बोल. माझ्यासाठी."

"बरं, बरं. रडू नकोस. बोलतो." त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या गालावरचं पाणी अंगठ्याने पुसलं. त्याने मला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. त्याने हात लांब केला आणि अगदी स्पष्ट, प्रेमाने, एकेक शब्द माझ्यासारखाच उच्चारत तो बोलला.

"मागची सीट, एक जण, योशी."

पण तो बघत माझ्याकडेच होता, आणि त्याचं बोट सीटच्या पलीकडच्या, रिकाम्या टोकावर रोखलेलं होतं.

नुपूरने त्या बोटाकडे पाहिलं. मग तिने आपला पट्टा सोडला, आणि जराही आवाज न करता सरकत सरकत जाऊन ती त्याच्या बोटासमोर बसली.